हॅम्लेटचा विषाद, फ्रॉइडचे दोन चष्मे आणि आमची तालीम

घाटमाथा

मंडळी, आमच्या ग्रूपने यंदा हॅम्लेट काढलंय. सगळे हौशी. दोघं बँकेतले, एक औषध कंपनीचा एमआर, एक लग्नाचे फोटो काढणारा, दोन शिक्षिका. एका शाळेच्या वर्गात बाकं मागे सरकवून रात्री साडेआठला तालीम सुरू होते आणि वॉचमन किल्ल्या वाजवायला लागला की संपते. मी क्लॉडियस. म्हणजे भावाला मारून त्याची गादी आणि बायको दोन्ही घेणारा काका.

दिग्दर्शकाने पहिल्याच दिवशी सगळ्यांना झेरॉक्स वाटल्या: हॅम्लेट आणि इडिपस गंड, म्हणजे बापाला बाजूला सारून आई आपल्यालाच हवी ही लहान मुलाची दडपलेली इच्छा. गोष्ट बहुतेकांना माहीत असेल. १५ ऑक्टोबर १८९७ ला व्हिएन्नाच्या मनोविश्लेषक फ्रॉइडने आपल्या मित्राला, फ्लीसला, पत्र लिहिलं. त्यात इडिपस आणि हॅम्लेट एका दमात येतात. पुढे १९०० साल छापलेल्या स्वप्नांवरच्या पुस्तकात त्याने तेच नीट मांडलं. हॅम्लेट सगळं करू शकतो. पडद्यामागच्या पोलोनियसला, म्हणजे प्रेयसी ऑफेलियाच्या बापाला, भोसकतो, दोन दरबाऱ्यांना मरणाच्या दारात पाठवतो. फक्त काकाला मारू शकत नाही. का? तर त्याच्या स्वतःच्या बालपणीच्या दडपलेल्या इच्छा काकाने पुऱ्या करून दाखवल्यात. ज्याला शिक्षा करायची त्याच्यात आणि आपल्यात फरक नाही, हे आत कुठेतरी ठाऊक असल्यामुळे हात उठत नाही. फ्रॉइडचा शिष्य अर्नेस्ट जोन्स याने १९१० मध्ये यावर लेख लिहिला आणि वाढवत वाढवत १९४९ ला त्याचं पुस्तक केलं. १९३७ च्या लंडनच्या ओल्ड व्हिक थिएटरमधल्या प्रयोगाआधी हॅम्लेट करणारा नट लॉरेन्स ऑलिव्हिए जोन्सला जाऊन भेटला होता.

झेरॉक्स वाचल्यापासून आमचा हॅम्लेट आईकडे बघताना असे काही डोळे करतो की गर्ट्रूड करणाऱ्या बाई परवा म्हणाल्या, "अरे, मी तुझी आई आहे, तू मला हिशेब मागणाऱ्या वसुलीवाल्यासारखा काय बघतोस?"

माझा मुद्दा वेगळा आहे. हॅम्लेट सूड का लांबवतो, हा पहिल्या चष्म्यातून पडणारा प्रश्न. पण बापाचं भूत दिसायच्या *आधी*, सूडाचं नावही कानावर पडायच्या आधी, हा मुलगा पार खचलेला आहे. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशात तो एकटा असताना म्हणतो की हे घट्ट मांस वितळून जावं, जग शिळं, बेचव, निरुपयोगी वाटतंय. स्वतःला मारणं देवाने निषिद्ध केलं नसतं तर बरं झालं असतं, असंही म्हणतो. खुनाची बातमी त्याला अजून कळायची आहे. मग हे काय आहे?

हे बघायला फ्रॉइडचाच दुसरा चष्मा आहे: 'शोक आणि विषाद' हा १९१५ मध्ये लिहिलेला, १९१७ मध्ये छापलेला निबंध. त्यातला भेद माझ्या शब्दांत असा. शोकात माणसाला जग रिकामं वाटतं, विषादात तो स्वतःच रिकामा होतो. शोक करणारा म्हणतो, ते गेले. विषादग्रस्त म्हणतो, मी नालायक. आणि गंमत म्हणजे त्या निबंधातही हॅम्लेट डोकावतो. ज्याला त्याला त्याच्या लायकीप्रमाणे वागवलं तर चाबकातून कोण सुटेल, हे हॅम्लेटचं वाक्य फ्रॉइडने तिथे विषादग्रस्ताच्या स्वतःबद्दलच्या मताचा नमुना म्हणून वापरलंय.

तर, इडिपस बाजूला ठेवून या दुसऱ्या फ्रॉइडकडून नाटक वाचलं तर काय हाती लागतं? जाणकारांनी लिहावं. प्रयोगाला सात आठवडे आहेत.

शेंगदाणे

पॉपकॉर्न परवडत नाही म्हणून नावाला जागून बसलोय. चालू द्या.

खडूफळा

अहो, चालू द्या काय! पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली बरीचशी मुलांना हेच सांगण्यात गेली की पात्राला अबोध मन नसतं, संवाद असतात. पडदा पडला की हॅम्लेट घरी जाऊन झोपत नाही. त्याचं बालपण शेक्सपिअरने लिहिलं नाही, म्हणजे ते *नाही*. १९३३ मध्ये एल. सी. नाइट्सने लेडी मॅक्बेथला मुलं किती, असा खवचट मथळा देऊन एक निबंध लिहिला होता, तो याच खोडीवर. पात्रांना कोचावर झोपवणारे समीक्षक शेवटी स्वतःचीच केस लिहितात.

दुसरं, त्या काळच्या प्रेक्षकाला हॅम्लेट ओळखू यायला फ्रॉइडची गरज नव्हती. मेलँकली म्हणजे शरीरात काळं पित्त वाढणं. टिमथी ब्राइट नावाच्या वैद्याने १५८६ मध्येच यावर इंग्रजीत अख्खा ग्रंथ लिहिला होता. हॅम्लेट स्वतःच सांगतो की माझ्या अशक्तपणाचा आणि विषादाचा फायदा घेऊन सैतान कदाचित बापाच्या रूपात मला फसवत असेल. आजाराचं नाव रोग्याच्याच तोंडी आहे. तुम्ही उगाच व्हिएन्नाहून डॉक्टर बोलावताय.

राइनकाठ

जर्मनीत राहते, त्यामुळे खडूफळा सरांचा राग पत्करून व्हिएन्नाची बाजू घेते.

त्या निबंधात एक शब्दांचा खेळ आहे, तो भाषांतरात हरवतो. जर्मनमध्ये 'क्लागेन' म्हणजे रडगाणं, विलाप, गाऱ्हाणं. त्याला 'आन' लावलं की 'आनक्लागेन', म्हणजे आरोप, कोर्टातली फिर्याद. फ्रॉइड म्हणतो की विषादग्रस्ताचे क्लागेन हे खरं तर आनक्लागेन असतात. तो स्वतःला जे बोल लावतो ते नीट ऐकले तर त्याला स्वतःला बसतच नाहीत. दुसऱ्याच कुणाला तरी, ज्याच्यावर त्याने प्रेम केलं त्याला, बरोब्बर बसतात. त्या माणसावरचा राग तोंडावर काढता येत नाही, म्हणून तो माणूस आत घेतला जातो आणि मार स्वतःला बसतो. निबंधातलं ते गाजलेलं वाक्य यावरच आहे: हरवलेल्याची सावली स्वतःच्या 'मी'वर पडली.

आता हॅम्लेटची दुसऱ्या अंकातली आदळआपट काढून बघा. मी किती नीच, किती भेकड, गुलाम, स्वप्नाळू, नुसता शिव्या देत बसलोय. प्रत्येक विशेषणापुढे विचारायचं: ही फिर्याद कुणावर?

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा माझा जर्मन नवरा सहा महिने "मी वाईट मुलगा आहे" म्हणत होता. वाईट मुलगा नव्हता तो. आईने त्याला सात वर्षांचा असताना वसतिगृहात टाकलं होतं, ते त्याने तिला कधीच विचारलं नव्हतं.

ओपीडी_नंबर_चार

मानसोपचारात काम करतो. नाटकातलं फारसं कळत नाही, बायको नेते म्हणून जातो. आधीच सांगतो, पात्राचं निदान करत नाहीये.

पण एक योगायोग तुम्हाला आवडेल. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांची निदानपुस्तिका असते, डीएसएम. तिच्या १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत अशी अट होती की जवळचं माणूस गेल्यानंतर साधारण पहिल्या दोन महिन्यांतली लक्षणं, फार गंभीर नसतील तर, नैराश्याचा आजार म्हणून धरायची नाहीत, शोक म्हणून धरायची. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत ही सूट काढून टाकली. त्यावर भरपूर भांडणं झाली. शोकालाच आजार ठरवणार का, असं एक बाजू विचारत होती. मरण कारणीभूत असलं म्हणून खऱ्या आजाराला उपचार नाकारणार का, असं दुसरी. मग २०२२ च्या सुधारित आवृत्तीत 'लांबलेला शोक' हा वेगळा विकार आला. प्रौढांसाठी मुदत बारा महिने.

हॅम्लेट त्या पहिल्या स्वगतात काय म्हणतो? बाबा जाऊन दोन महिने, छे, दोनसुद्धा नाही! म्हणजे तो नेमका त्या जुन्या कुंपणावर उभा आहे. १९९४ च्या पुस्तकाने त्याला बहुधा घरी पाठवलं असतं. २०१३ च्या पुस्तकाने आत बोलावलं असतं. जिवावर उठलेले विचार बोलून दाखवतोय म्हटल्यावर मी तरी कुठलीच आवृत्ती न उघडता आत बोलावलं असतं.

वर्षश्राद्धालाही बाराच महिने. यावरून आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं वगैरे कुणी सुरू करू नका, प्लीज.

शेंगदाणे

डॉक्टर, पूर्वजांचं नाही, पण क्लॉडियसचं लॉजिक मला आत्ता कळलं. आपल्याकडे नाही का, घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा? माणसाने दोन महिन्यांत उरकून टाकलं. गुरुजींना विचारूनच केलं असणार.

घाटमाथा

@शेंगदाणे, हसू नका, माझं पहिलं भाषण अगदी त्याच सुरात आहे. एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू. मयतात मंगल, लग्नात विलाप. दोन्ही पारडी सारखी. तालमीत हे म्हणताना मला सारखा वऱ्हाडी मंडळींचे आभार मानणारा यजमान आठवतो. हॅम्लेट पुढे मित्राला म्हणतो की मयताच्या जेवणातलं उरलेलं थंड मांस लग्नाच्या पंगतीत वाढलं. फ्रेंच मनोविश्लेषक लकाँने १९५८-५९ च्या आपल्या व्याख्यानांत या नाटकावर सात बैठका खर्ची घातल्या. त्यातला मला समजलेला भाग एवढाच: या नाटकात एकही मरण रीतसर आटोपत नाही. राजा पापांची कबुली न देता मेला, पोलोनियसला गुपचूप पुरलं, ऑफेलियाचे विधी अर्धवट. जिथे क्रियाकर्म अपुरं राहतं तिथून भूत निघतं. आपल्याला हे समजायला फ्रेंच यायची गरज नाही.

@राइनकाठ, तुमच्या 'फिर्याद कुणावर' या प्रश्नाने दोन रात्री झोप नाही. संहिता घेऊन बसलो. आईवर, हे उघड आहे. पण आईवरची फिर्याद तो बोलून दाखवतो, तीही तिच्या खोलीत जाऊन, मोठ्याने. जी बोलून दाखवतो ती आत जाऊन सावली होणार नाही. मग न बोललेली कुठली?

मला वाटतं, बापावरची.

हॅम्लेट बापाबद्दल बोलतो तेव्हा तो बाप नसतोच. तो सूर्यदेव असतो, कपाळ जुपिटरचं, डोळे मार्सचे. आईला दोन तसबिरी दाखवतो तेव्हाही तेच. एखादी साधी आठवण शोधून दाखवा. बाबांनी मला अमुक शिकवलं, बाबा असे जेवायचे, बाबा चिडले की असे व्हायचे. नाही. पाचव्या अंकात कबर खणणारा सहज सांगून जातो की राजाने नॉर्वेच्या राजाला, थोरल्या फोर्टिन्ब्रासला, ज्या दिवशी हरवलं त्याच दिवशी युवराजाचा जन्म झाला. मुलगा जन्मला तेव्हा बाप रणात!

आणि मग योरिकची कवटी वर येते. तेवीस वर्षं मातीत असलेला दरबारचा विदूषक. हॅम्लेटच्या तोंडून पहिल्यांदा आणि शेवटचं एक खरंखुरं बालपण बाहेर पडतं: याने मला हजार वेळा पाठीवर घेतलं, इथे ते ओठ होते ज्यांचे मी किती मुके घेतले. नाटकातली सगळ्यात मायेची आठवण एका नोकराची आहे. वडलांचा आख्खा उल्लेख देवळातल्या मूर्तीसारखा आणि याचा मात्र वास येतो.

भूत काय करतं तेही बघा. मुलगा झुरणीला लागलाय, बाप परलोकातून भेटायला आलाय. तो मुलाला "कसा आहेस" विचारत नाही. सूड घे, आईला हात लावू नकोस, मला विसरू नकोस, निघालो. 'मला विसरू नकोस' ही शोक करायची परवानगी नाही. उलट शोक संपवायची मनाई आहे. विसरायचंही नाही आणि रागवायचंही नाही, अशा बापाचं मुलाने करायचं काय?

राइनकाठ

+१. आणि हे फ्रॉइडने पाहिलं नाही याचंच आश्चर्य वाटतं. त्याचे स्वतःचे वडील ऑक्टोबर १८९६ मध्ये गेले आणि हॅम्लेटवालं पत्र बरोबर वर्षाने, ऑक्टोबर १८९७ चं. पुढे १९०८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत त्याने कबूलही केलं की स्वप्नांचं पुस्तक ही वडिलांच्या मृत्यूवरची आपली प्रतिक्रिया होती. शेक्सपिअरचे वडील १६०१ मध्ये गेले आणि नाटक त्या शोकातून आलं, असं तोच लिहितो. म्हणजे शोक त्याला सगळीकडे दिसत होता, पण पत्रात तो आईवरच्या प्रेमाबद्दल लिहून मोकळा झाला.

तिसरी_घंटा

अरे घाटमाथा, तुम्ही सगळे डेन्मार्क-व्हिएन्ना फिरताय, जरा घरी या.

हॅम्लेट मराठीत पहिल्यांदा गाजलं ते आगरकरांच्या भाषांतरामुळे. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात एकशे एक दिवस होते, तिथे आगरकर या भाषांतरावर काम करत होते. १८८३ मध्ये ते छापलं गेलं. नाव काय ठेवलं? 'विकारविलसित'. हे नाव मला कुठल्याही फ्रॉइडपेक्षा मोठं वाटतं. त्या वेळच्या मराठीत विकार म्हणजे रोग नव्हे, मनाचा क्षोभ, भावनांचं उसळणं. विलसित म्हणजे त्यांचा खेळ. आज आपण 'मनोविकार' म्हणतो आणि लगेच गोळीचा कागद डोळ्यापुढे येतो. तोच शब्द दीडशे वर्षांत रंगमंचावरून दवाखान्यात गेला.

शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशी हॅम्लेट करत. माझ्या आजोबांनी लहानपणी त्यांना बघितलं होतं आणि मरेपर्यंत एकच गोष्ट सांगायचे: तो माणूस ओरडायचा कमी आणि गप्प बसायचा जास्त, पण गप्प बसला की थिएटरमधला पंखा ऐकू यायचा. (त्या काळी थिएटरात पंखे होते का, हे आजोबांना कुणी विचारलं नाही.) चंद्रकांत कुलकर्णींनी २०१८ मध्ये नाना जोगांच्या भाषांतरावरून केलेलं मी स्वतः पाहिलं, सुमीत राघवनचं. तिथेही माझ्या लक्षात राहिली ती एका जागी खिळलेली शांतता.

तेव्हा तुमच्या हॅम्लेटला डोळे गरगरा फिरवू नकोस म्हणावं. विषाद डोळ्यांत नसतो, मानेत असतो.

अवांतर: आईच्या खोलीतल्या प्रवेशाला पलंग ठेवताय का? संहितेत पलंग नाही. ती तिची खासगी खोली आहे, बसायची. पलंग विसाव्या शतकातल्या रंगभूमीने आणला आणि झेरॉक्सवाल्यांनी पक्का केला.

शेंगदाणे

फ्रॉइडमुळे नेपथ्याचं बजेट वाढलं हे पहिल्यांदाच कळलं.

रेवा

एवढा वेळ थांबले होते, कुणी नाव काढतंय का बघत. नाही काढलं. लकाँच्या यादीत 'विधी अर्धवट' एवढ्यापुरती आली आणि गेली.

या नाटकात बाप गमावलेली चार मुलं आहेत. हॅम्लेट, ऑफेलियाचा भाऊ लेअर्टीझ, धाकटा फोर्टिन्ब्रास आणि ऑफेलिया. तिघांना तलवार आहे. चौथीला काय आहे? तिच्या बापाला मारणारा तिचा प्रियकर. तो इंग्लंडला रवाना. भाऊ फ्रान्सला. बापाला गुपचूप पुरलेलं, ना मिरवणूक, ना निशाण. आणि हेही लक्षात घ्या की हाच बाप तिला म्हणाला होता, त्याची पत्रं परत कर, त्याच्याशी बोल, मी पडद्यामागून ऐकतो. तिची प्रेमपत्रं त्याने दरबारात वाचून दाखवली होती. त्या बापावरचा राग ती कुठे नेणार? घाटमाथा यांनी हॅम्लेटबद्दल जे लिहिलं ते सगळं तिला दुप्पट लागू पडतं. फक्त तिला एकही स्वगत असं नाही की ज्यात ती स्वतःबद्दल बोलेल. हॅम्लेट तिला वाट्टेल ते बोलून गेल्यावर ती एकटी उरते, तेव्हाही ती *त्याच्या* बुद्धीसाठी रडते, केवढं मन कोसळलं म्हणून.

म्हणून तिचं वेड हेच तिचं स्वगत आहे. फुलं वाटते तेव्हा नीट ऐका. रोझमेरी आठवणीसाठी. र्‍यू, म्हणजे पश्चात्तापाची वनस्पती: तुम्हाला थोडी, मलाही थोडी, पण तुम्ही ती वेगळ्या कारणाने घाला. आणि व्हायोलेट्स द्यायची होती, पण बाबा गेले तेव्हा सगळी सुकली. राजाराणीच्या तोंडावर ती प्रत्येकाचा हिशेब करते आणि सगळे म्हणतात, बिचारी. राइनकाठताईंच्या भाषेत, आनक्लागेन चाललेत आणि दरबाराला फक्त क्लागेन ऐकू येतात.

इलेन शोवॉल्टरचा १९८५ चा निबंध मिळाला तर जरूर वाचा. तिने दाखवलंय की ऑफेलिया कशी दाखवायची हे प्रत्येक काळाच्या वेड्या बाईच्या कल्पनेवर ठरलं, आणि उलटही. १८५० च्या दशकात ह्यू डायमंड नावाचा इंग्लिश डॉक्टर मनोरुग्णालयातल्या बायकांचे फोटो काढायचा. त्यातल्या एकीच्या डोक्यावर पानाफुलांची माळ आहे. रोगी नाटकासारखी सजवायची, मग नटीने त्या फोटोवरून रोगी व्हायचं. आजारपणाचं चित्र असं फिरत राहतं.

तुमच्याकडे ऑफेलिया कोण करतंय? केस मोकळे आणि पांढरा गाऊन ठरला असेल तर कृपया रद्द करा.

घाटमाथा

केस मोकळे, पांढरा गाऊन. ठरला होता. ऑफेलिया करणारी आमची दहावी-ब ची वर्गशिक्षिका आहे, तिने तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाली, "मी हजेरी घेतल्यासारखी फुलं वाटणार." काल करून बघितलं. एकेकाच्या बाकापाशी जाऊन, नाव घेतल्यासारखं, फूल ठेवायचं आणि पुढे. क्लॉडियस म्हणून माझ्यापुढे बडीशेपेचा तुरा ठेवला तेव्हा मी खरोखर खाली बघितलं.

खडूफळा

रेवाताई, ऑफेलियाबद्दल मान्य. कारण तुम्ही जे दाखवलंत ते सगळं संवादांत आहे, तिचं बालपण तुम्ही रचलं नाहीत. योरिकचंही संहितेत आहे हे कबूल करतो, पण घाटमाथा, बापाची आठवण *नाही* यावरून तुम्ही केवढी इमारत उठवलीत! संहितेत नसलेल्या गोष्टीला पुरावा म्हणायचं असेल तर हॅम्लेटला दात घासायचाही गंड होता, तो एकदाही घासताना दिसत नाही.

घाटमाथा

सर, दाताचं पटलं. आता जरा वेगळं लिहितो, कारण इमारत कुठून उठली ते लपवण्यात अर्थ नाही. तुम्हीच म्हणालात ना, शेवटी सगळे स्वतःचीच केस लिहितात.

चार वर्षांपूर्वी आमचे वडील गेले. मी थोरला. दहाव्याला आम्ही दोघा भावांनी केस दिले. मी बँकेत जायचं म्हणून टोपी घेतली, त्याने नाही घेतली. तेराव्याचं गोड जेवण झालं आणि दुसऱ्या दिवसापासून मी फाइल घेऊन फिरायला लागलो: मृत्यूचा दाखला, पेन्शन, सातबाऱ्यावर वारसनोंद. सगळे म्हणायचे, किती खंबीर आहे.

धाकटा रोज संध्याकाळी बाबांची स्कूटर पोर्चमधून बाहेर काढायचा. किक मारायची, चालू झाली की दोन मिनिटं हात हँडलवर ठेवून उभा राहायचा, बंद करायची, परत आत. कुठे जायचा नाही. मी विचारलं तर म्हणाला, बॅटरी उतरेल. असे सात आठवडे. ऑफिसला जाणं बंद. एके दिवशी मी म्हणालो, "किती दिवस असा बसणार? सगळ्यांचेच वडील जातात. बाबांचेही गेले होते, ते बसले का असे?" आणि त्या आठवड्यात स्कूटर विकून टाकली. त्याला न विचारता. पुढचं लिहीत नाही, त्याला दवाखान्यात न्यावं लागलं, आता तो बरा आहे, कामावर जातो.

दोन महिन्यांपूर्वी पहिल्या वाचनाला माझ्या हातात क्लॉडियसचं भाषण आलं. तुझ्या बापाचाही बाप गेला होता, त्याही बापाचा बाप गेला होता. हा हट्टाचा शोक पुरुषाला शोभत नाही. मी ते थंडपणे, एक चूक न करता वाचलं. दिग्दर्शक म्हणाला, वा, आवाजात काय अधिकार आहे.

ओपीडी_नंबर_चार

घाटमाथा, दोन गोष्टी. एक, तुमच्या त्या वाक्याने भावाला आजार झाला नाही, स्कूटरने तर नाहीच. असं एका कारणाला बोट लावता येत नाही. रोज चार नातेवाईक माझ्यासमोर हाच गुन्हा कबूल करतात. दोन, क्लॉडियसला फक्त खलनायक म्हणून करू नका. प्रार्थनेचा तो प्रवेश आहे ना, गुडघे टेकतो आणि शब्द वर जातात, मन खालीच राहतं. रडायला वेळ न मिळालेला दुसरा भाऊ तोही आहे.

तिसरी_घंटा

स्कूटर कुठली होती रे?

घाटमाथा

बजाज चेतक. निळी.

रेवा

एक व्यावहारिक प्रश्न. हॅम्लेट शोकाचा काळा झगा घालून येतो आणि त्यावरून आईशी खटका उडतो. आपल्या प्रेक्षकाला काळा रंग बघून सुतक कळणार आहे का? संक्रांत वाटायची.

घाटमाथा

हाच घोळ महिनाभर चालला होता. पांढरं घालून बघितलं, तर पुढारी दिसायला लागला. शेवटी मीच सुचवलं: कपडे डेन्मार्कचे राहू देत, हॅम्लेटचे केस काढा. पण चकोट नाही. दहाव्याला दिलेले केस पावणेदोन महिन्यांत जेवढे येतात तेवढे. पहिल्या प्रवेशात तो उभा राहिला की हॉलमधल्या शेवटच्या रांगेतल्या आजीला कळेल की याचा बाप कधी गेला. आणि सख्खा धाकटा भाऊ असून माझ्या डोक्यावर मात्र तेल लावलेला भांग.

हॅम्लेट करणारा तोच लग्नाचे फोटो काढणारा. तीन दिवस नाही म्हणाला, सीझन आहे, मुंडन केलेला फोटोग्राफर मांडवात कोण उभा करील. चौथ्या दिवशी स्वतःच मशीन फिरवून आला. रंगीत तालीम परवाच्या रविवारी होती. भावाला बोलावलं होतं, येईलसं वाटलं नव्हतं. आला. मागच्या बाकावर बसला. माझं भाषण झालं, त्यावर काही बोलला नाही. चहाला सगळे गोळा झाले तेव्हा हॅम्लेटजवळ जाऊन बराच वेळ त्याच्या डोक्याकडे बघत राहिला.

मग मला म्हणाला, "दादा, पुढून थोडे जास्त आहेत. एवढे नाही येत दोन महिन्यांत."

मशीन पुन्हा एकदा फिरवतोय.